बक्षीस की व्याज?

मुलांनो, भारत सरकारने १९६० साली ५ व १०० रुपयांचे बिनव्याजी बक्षीस रोखे काढले होते. त्यांची मुदत ५ वर्षांची असे. मुद्दल सुरक्षित राही. व्याजाऐवजी सोडतीतील बक्षिसाची आशा असे. परंतु एकाचे बक्षीस म्हणजे अनेकांनी सोडलेले व्याजच होय!

समजा, मुरबाडच्या शेतकऱ्याने भाताच्या विक्रीतले १०० रुपये अशा रोख्यात घातले. शहापूरच्या शेतकऱ्याने तेवढेच रुपये दरसाल दर शेकडा ४ रुपये सरळव्याजाने ठेवले. पाच वर्षांनी शहापूरकराला १२० रुपये मिळतील. मुरबाडकराला, बक्षीस न लागल्यास, केवळ १००. बियाणे तर दोघांनाही घ्यायचे आहे!

बक्षिसाच्या आशेने उधळ्या माणूसही शिल्लक टाकू लागतो, हा या योजनेचा गुण खरा. तथापि, गरजेच्या पैशाला खात्रीचाच आधार हवा.