यादी रिकामी का आली?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पोरगा संगणक शिकतो, एवढेच घरी ठाऊक. म्हणून परीक्षा-शुल्क माफीच्या यादीचे काम सरांनी माझ्यावर सोपवले तेव्हा छाती फुगली होती. ज्यांचे उत्पन्नाचे दाखले आलेले नाहीत, त्यांची नावे काढायची होती. तक्ते दोन: 'विद्यार्थी' आणि 'दाखले'. मायएसक्यूएलमध्ये मी लिहिले:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट क्रमांक फ्रॉम दाखले)

उत्तरात एकही नाव नाही. सर्वांचे दाखले आले, असे मी सरांना सांगूनही टाकले. वसतिगृहाकडे जाताना आठवले, अरे, माझाच दाखला अजून तहसिलीत पडून आहे!

परत येऊन बसलो. आधी संशय आला तो रिकाम्या नोंदीचा. आतल्या यादीत एक जरी 'नल' असला तरी 'नॉट इन' काहीच देत नाही. पण तसे नव्हते. 'दाखले' या तक्त्यात 'क्रमांक' नावाचा स्तंभच नव्हता. तिथे होता 'विद्यार्थी_क्रमांक'. मग यंत्राने चूक का दाखवली नाही? उपप्रश्नातले नाव आतल्या तक्त्यात सापडले नाही, तर ते बाहेरच्या तक्त्यात शोधले जाते. घरात विरजण नसले की शेजारी वाटी पाठवतात, तसेच. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक स्वतःशीच ताडला गेला. तो स्वतःशी जुळणारच! 'नॉट इन'मध्ये मग कोण उरणार? याच जागी 'इन' आणि 'डिलीट' असते तर सगळा तक्ता पुसला गेला असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

उपाय म्हणजे टोपणनाव. आपल्या जिल्ह्यात मालेगाव आहे, नाशिक जिल्ह्यातही आहे. नुसते 'मालेगाव' म्हणणाऱ्याला जिल्हा विचारावाच लागतो. तसे 'विद्यार्थी'ला 'वि' आणि 'दाखले'ला 'दा' म्हणायचे, आणि प्रत्येक स्तंभामागे ते लावायचे. मी 'दा.क्रमांक' लिहिताच 1054 क्रमांकाची चूक आली: असा स्तंभ नाही. चूक दिसल्याचा एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

टोपणनावाच्या इतर चुका निदान ओरडतात तरी. 'फ्रॉम'नंतर कंसात उपप्रश्न लिहून त्याला नाव दिले नाही, तर मायएसक्यूएल 1248 दाखवते. पोस्टग्रेसही असेच अडून बसे. 2023 मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून तिथे ही सक्ती उरली नाही. ओरॅकल नाव मागत नाही, पण तक्त्याच्या टोपणनावाआधी 'ॲज' लिहिलेला त्याला खपत नाही. सिलेक्टमध्ये ठेवलेले नाव त्याच प्रश्नाच्या 'व्हेअर'मध्ये वापरण्याची खोड आमच्या वर्गात सर्वांना आहे. ते चालत नाही, कारण 'व्हेअर'चा विचार आधी होतो, नाव नंतर पडते. बारशाआधी नावाने हाक मारण्यासारखे ते. असे नाव वापरायचेच असेल, तर तो प्रश्न 'फ्रॉम'च्या कंसात घालून बाहेर 'व्हेअर' लिहावा.

'दा.विद्यार्थी_क्रमांक' लिहिल्यावर 17 नावे आली, माझे तिसरे. सरांकडे जाऊन चूक कबूल केली. मुदतीला 4 दिवस होते. यादी फलकावर लावली आणि मी तहसिलीकडे जाणारी एसटी पकडली.