पशुखाद्यापासून माणसापर्यंत : साल्मोनेलाचा माग

अन्नातून विषबाधा झाली, की दोष स्वयंपाकघराला दिला जातो. परंतु तिचे मूळ पुष्कळदा जनावरांच्या खाद्यात असते. साल्मोनेला या जीवाणूच्या तपासातून हे सिद्ध झाले आहे.

या जीवाणूचे २,५०० हून अधिक सेरोटाइप ज्ञात आहेत. रुग्ण, कोंबडी आणि खाद्य यांत एकच सेरोटाइप आढळल्यास तपासाला दिशा मिळते. आता जनुकीय तपासणीमुळे हा माग अधिक अचूकपणे काढता येतो.

मासळीच्या भुकटीचा प्रवास

‘अगोना’ हा सेरोटाइप १९७० पूर्वी अमेरिकेत क्वचितच आढळे. पुढे अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स व इस्रायल येथे त्याचे रुग्ण वाढले. १९७२ मध्ये आर्कान्सा राज्यातील पॅरागोल्ड येथे साथ उद्भवली. तिचा माग एका उपाहारगृहातून मिसिसिपीतील कुक्कुटपालन केंद्रापर्यंत पोहोचला. तेथील खाद्यात पेरू देशातून आयात केलेली मासळीची भुकटी होती. संसर्ग झालेली कोंबडी बहुधा निरोगीच दिसते. त्यामुळे केवळ पाहणीने धोका उघड होत नाही.

कारखाना आणि पक्षी

खाद्य तयार होताना दिलेल्या उष्णतेने जीवाणू मरतात. मात्र खाद्य थंड होताना साचणारा ओलावा, धूळ, उंदीर व पक्ष्यांची विष्ठा यांमुळे पुन्हा संसर्ग होऊ शकतो. सांडपाणी व कचऱ्यावर चरणारे पक्षी स्वतः बाधित होतात आणि तोच संसर्ग गोठा, गोदाम व पाणवठ्यापर्यंत नेतात. नॉर्वेमधील अभ्यासात शुद्ध न केलेले पाणी पिणे आणि वन्य पक्षी वा त्यांची विष्ठा यांच्याशी येणारा संपर्क यांचा रोगाशी संबंध आढळला.

स्वीडनमध्ये १९५३ साली अल्वेस्ता येथील कत्तलखान्याच्या मांसातून पसरलेल्या साथीत सुमारे ९,००० लोक आजारी पडले आणि सुमारे ९० दगावले. त्यानंतर त्या देशाने खाद्यापासून मांसापर्यंत प्रत्येक टप्प्यावर नियंत्रण आणले.

गावपातळीवरील दक्षता

पशुखाद्य कोरड्या, बंद जागी ठेवावे. खिडक्यांना जाळी लावावी. सांडलेले खाद्य त्वरित उचलावे. पाण्याच्या टाक्या झाकून पाणी नियमित शुद्ध करावे. कच्चे मांस वेगळे ठेवावे. मांस व अंडी पूर्ण शिजवावीत. शाळेत हात धुण्याची सवय लावावी. ही साखळी कोठेही तोडता येते. परंतु ती खाद्याच्या गोदामातच तुटली, तर पुढचे अनेक आजार टळतात.