कागद आधी वाळवा, मग जपा

वनहक्काचे दावे भरायचं काम ज्यांनी केलंय, त्यांना विचारा. माणसं जमतात, मोजणी होते, नकाशाही निघतो. अडतं ते जुन्या कागदापाशी. २००६च्या कायद्यात आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती. पाऊणशे वर्षांचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातली मालगुजाराची पावती, निस्तार पत्रकाची नक्कल, पिवळा पडलेला एखादा हुकूम. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यासारख्या पावसाच्या मुलुखात असा कागद टिकवणं हे वेगळंच काम आहे. आमच्या गावच्या वनहक्क समितीत बसून मी जे पाहिलं, ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून सांगतो.

गावातल्या एका कुटुंबाकडे मालगुजारीच्या काळातली सारा भरल्याची पावती होती. घड्यांवर फाटायला आलेली. श्रावणात त्यांचा मुलगा ती घेऊन गेला आणि दुकानातून लॅमिनेशन करून आणली. चकचकीत, ताठ. सगळ्यांनी शाबासकी दिली. पुढच्या पावसाळ्यानंतर पडताळणीसाठी ती बाहेर काढली, तेव्हा मी ती खिडकीच्या उजेडात धरली. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना करड्या-हिरव्या ठिपक्यांची रांग, काही ठिपक्यांभोवती तपकिरी कडं आणि शिक्क्याची जांभळी शाई आतल्या आत फुटलेली. वर नख फिरवलं तरी लागत नव्हतं. बुरशी प्लास्टिकच्या आत होती. लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कागदाच्या तंतूंत उतरतो, त्यामुळे प्लास्टिक सोलायला जावं तर अक्षरं त्याच्यासोबत येतात. पावती गेली असंच म्हणायचं.

गरम रुळातून गेल्यावर बुरशी मरायला हवी, असं पुष्कळांना वाटतं. पण श्रावणातला कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो. ते पाणी प्लास्टिकमध्ये कोंडलं जातं. कडा जराशी सुटली की नवा ओलावा आत येतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच आहेत, ते हाकलून संपत नाहीत. त्यांना उगवायला पाणी लागतं. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर त्यांचं फावतं. म्हणून क्रम एकच: आधी कोरडेपणा, मग मजबुती. मजबुतीसाठी जे कराल, तेही पुढे कुणाला सोडवता आलं पाहिजे.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. इजिप्तमधला पपायरस ज्या लव्हाळ्याच्या जातीपासून होतो, ती आपल्या बांधावरच्या नागरमोथ्याच्या कुळातली. देठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून केलेली ती पानं हजारो वर्षं टिकली, पण मुख्यतः कोरड्या वाळूत. नाईलच्या मुखाजवळच्या दमट जमिनीत ती फारशी हाती लागत नाहीत. पान तेच, फरक हवेचा. आपल्या जिल्ह्यात वाळू नाही, पण कोरडे महिने आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यायचा.

आता ठेवण्याचं. लोखंडी पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. खाली विटा किंवा फळ्या, मागे वीतभर जागा. पावसाळ्यात पेटी पुन्हा पुन्हा उघडली तर बाहेरची दमट हवा आत जाते. जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर कागद ठेवायचे. त्यांना बुरशी लागायची नाही हे खरं, पण धुराने ते तपकिरी आणि ठिसूळ होतात, घडी उघडताच तुकडे पडतात. तो उपाय नको. तहसिलीच्या दप्तरात कापडाचे बस्ते बांधतात, ती पद्धत मात्र चांगली. धुऊन खळ काढलेला पांढरा मांजरपाट घ्या. रंगीत कापड भिजलं तर रंग कागदावर उतरतो.

कडुलिंबाचा पाला हिरवा टाकू नका, तोच ओलावा आणतो. वेखंड आणि डांबरगोळ्या किडीला दूर ठेवतात, बुरशीला नाही. सिलिका जेलच्या पुड्या मात्र कामाच्या. रंग बदलला की दाणे गरम करून पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाचा तवा त्यासाठी घेऊ नये. बाजारातल्या पारदर्शक पॉकेट फाइलींपासूनही सावध. त्यांतल्या बऱ्याच पीव्हीसीच्या असतात. झेरॉक्सची शाई त्यांना चिकटते आणि पान ओढलं की अक्षरं उलटी होऊन प्लास्टिकवर दिसतात. हे तुम्हीही पाहिलं असेल.

बुरशी दिसलीच तर आधी तो कागद बाकीच्यांपासून वेगळा काढा. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी तंतूंत घुसते आणि डाग कायमचा होतो. उन्हात टाकला तर शाई उडते, कागद कडक होतो. सावलीत, वारा खेळता असेल तिथे वाळू द्या. ओली बुरशी बोटाला लिबलिबीत लागते, सुकलेली भुकटीसारखी झडते. भुकटी झाल्यावरच, घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने हलकेच आपल्यापासून दूर झाडायची. दम्याच्या माणसाने या कामाला बसू नये.

पुराच्या पाण्यात किंवा गळक्या छपराखाली गठ्ठा भिजला, तर दोन दिवसांत हालचाल करा. पानं थोडी असतील तर मध्ये कोरे कागद घालून वाळवा आणि ते वरचेवर बदला. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. इस्त्री तर नकोच. गठ्ठा मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला वेळ मिळतो.

मजबुतीचं काम हिवाळ्यात करावं. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि मे महिन्यात कागद इतका कोरडा असतो की हाताळतानाच तुटतो. सेलोटेप वापरू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, टेप सुटते आणि चिकट डाग मागे राहतो. लागतो तो हातकागदाचा पातळ, लांब धाग्यांचा टिश्यू, जपानी किंवा नेपाळी, आणि गव्हाची खळ. कुरडयांसाठी चीक काढतात तसाच काढायचा, फक्त आंबवायचा नाही आणि मीठ अजिबात घालायचं नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. मैद्याचा गोळा पाण्यात मळून चिवट भाग काढून टाका, दुधाळ पाणी निवळू द्या, वरचं पाणी ओता. तळाच्या चिकात चार-पाच पट पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. थंड झाल्यावर फडक्यातून गाळा आणि ताकाइतकी पातळ करा. दोन-तीन दिवसांत वापरा, वास आला की फेका.

लावण्याआधी शाईची परीक्षा घ्या. ओलसर कापसाचा बोळा एखाद्या अक्षराच्या कोपऱ्याला क्षणभर टेकवा. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबा. जांभळे शिक्के आणि कॉपिंग पेन्सिलीची अक्षरं हमखास फुटतात. असा कागद शहरातल्या अभिलेख-संवर्धकाकडेच द्यायचा. रंग सुटत नसेल तर टिश्यूची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून नीट धरतात. पट्टी मागच्या बाजूने, फाटलेल्या रेघेवरच. मग दोन कोऱ्या कागदांत घालून वजनाखाली ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत कोरे कागद बदला. खळीत मोरचूद घालायचा जुना रिवाज आहे. तो विषारी तर आहेच, शिवाय तांब्याच्या क्षाराने कागद लवकर कुजतो.

एवढं करूनही मूळ कागद जाऊ शकतो. म्हणून नकला करा. चांगल्या झेरॉक्सची शाई पाण्याने सहसा फुटत नाही, इंकजेट प्रिंटची फुटते. एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात, एक दुसऱ्या घरी आणि फोटो दोन फोनांत. सरकारी कागद असेल तर प्रमाणित नकलेचा अर्ज आजच टाका. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला झाला, त्याआधीच्या कागदासाठी चंद्रपूरची फेरी पडू शकते. पावती गेलेल्या त्या कुटुंबासाठी आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले. नियमांत तोही पुरावा धरलाय, पण समितीला एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि जबाब देणारी माणसं काही कायम राहत नाहीत.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी हा विषय दोनदा घ्यावा. मृग लागण्याआधी पेट्या तपासून, सिलिका जेल बदलून बांधून ठेवायच्या. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, सगळ्यांसमोर उघडून एकेक पान पाहायचं, आणि काय सापडलं ते त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहायचं.