घाटातली झाडं, घरच्या घरी

भोर घाटातलं एक वळण मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर एचओ मापात, म्हणजे मूळच्या 87व्या हिश्शात, उभं करायला घेतलं तेव्हा सगळा खर्च रूळ आणि डब्यांवरच झाला. घाट म्हटला की झाडं शेकड्यांनी लागतात आणि बाहेरून येणारी तयार झाडं परवडत नाहीत. म्हणून वाळक्या काड्या, शेवाळ आणि खाण्याच्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा यांवर भागवलं. उन्हाळाभर डोंगर देखणा दिसला. पावसाळ्यात शेवाळाला बुरशी आली, भुशाचा हिरवा रंग उडाला आणि पोखरलेल्या काड्यांचं पीठ रुळांवर सांडून इंजिन अडू लागलं. अर्धी टेकडी खरवडावी लागली.

तेव्हा पहिलं सांगणं हे की, आपल्या दमट हवेत झाडपाल्याचा कच्चा माल मांडणीवर चढवूच नका.

त्याऐवजी खोड-फांद्यांसाठी भंगारातली तांब्याची वायर घ्या, आत बारीक तारांचा जुडगा असलेली. तिचं प्लास्टिक जाळून काढायचा मोह होतो. तो धूर विषारी असतो, कटरने चिरूनच सोला. वीस-पंचवीस तारा एकत्र धरून खालच्या तिसऱ्या हिश्शाला घट्ट पीळ द्या, मग चार-पाच तारांची एकेक फांदी फोडत वर जा. टोकाला एकेक तार सुटी राहिली की झाड जिवंत वाटायला लागतं. फेविकॉलमध्ये खडूची पूड कालवून खोडावर लिंपा आणि वाळल्यावर राखाडी रंग द्या. सगळी खोडं चॉकलेटी रंगवायची सवय सोडा. घाटातल्या ऐनाच्या झाडाचं राखाडी खोड डोळ्यांसमोर आणा.

पानांसाठी गादीचा जुना फोम पुरतो. तुकडे पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवा. कोरडा फोम उडतो आणि नाकातोंडात जातो. मिक्सरचं हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. चुरा पिळून ॲक्रिलिक रंगात कालवा, सावलीत वाळवा. हिरव्याच्या निदान तीन छटा करा, नाहीतर सगळं रान एकाच डब्यातून ओतल्यासारखं दिसतं. फांद्यांना पातळ फेविकॉल लावून चुरा भुरभुरवा. वाळल्यावर झाड मांडणीपासून दूर नेऊन झटका, कारण सुटा चुरा थेट इंजिनाच्या दातेरी चाकांत जातो.

उंचीत फार जण फसतात. 12 मीटरचं झाड या मापात जवळजवळ 14 सेंटिमीटर भरतं. बोटभर झाडं डब्याशेजारी झुडपं वाटतात.

तांब्याचा कुठलाही भाग उघडा ठेवू नका. असं झाड दोन्ही रुळांवर आडवं पडलं तर शॉर्ट सर्किट होतं. आणि झाड कायमचं चिकटवू नका. बुंध्याच्या तारा भोकात नुसत्या खोचा, म्हणजे रूळ पुसताना ते उपसून बाजूला ठेवता येईल.