फुलांचा बाजार : बँकॉकची एक भेट



'मी पाहिलेला बाजार' हा निबंध आपण दरवर्षी घेतो. मुलंही दरवर्षी तेच लिहितात. बाजारात खूप गर्दी होती, ताजी ताजी भाजी होती, मला खूप मजा आली. दोष मुलांचा नाही. फळ्यावर मुद्दे मीच लिहून देते, तेच वहीत परत येतात. म्हणून यावेळी ठरवलं, आधी आपण एक बाजार नीट बघायचा आणि लिहायचा.

संधीही तशीच आली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही घरची मंडळी चार दिवस बँकॉकला जाऊन आलो. विमानाची माझी पहिलीच वेळ, पण ते पुन्हा कधीतरी.

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या काठी 'पाक ख्लोंग तलात' नावाचा फुलांचा मोठा बाजार आहे. पाक म्हणजे तोंड, ख्लोंग म्हणजे कालवा, तलात म्हणजे बाजार. कालव्याच्या तोंडाशी भरतो तो बाजार! आपल्याकडे कशी नाक्यावरची, वेशीवरची नावं असतात, तसंच. पूर्वी तिथे मासळी विकली जायची, मग भाजी, आणि आता मुख्यतः फुलं. बाजार चोवीस तास उघडा असतो, पण खरी वर्दळ रात्री. बुधवारी रात्री नऊच्या सुमारास आम्ही सनाम चाय या मेट्रो स्टेशनवर उतरलो आणि चालत गेलो.

आधी वास आला. मोगऱ्याच्या कळ्या बर्फाचा चुरा घालून ठेवलेल्या, त्यामुळे वासही गारच वाटत होता. झेंडूची फुलं देठ काढून प्लास्टिकच्या पिशव्यांत अशी गच्च भरलेली, की लांबून लाडूच वाटावेत. झेंडूला तिथे 'दाओ रुआंग' म्हणतात, त्यातला दाओ म्हणजे तारा. दसऱ्याला ज्याच्यावाचून आपलं चालत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, हे मी चौथीला सांगते तेव्हा मुलांना पटत नाही. आता सांगेन, थायलंडच्या लोकांनाही तो आपलाच वाटतो.

कमळाच्या कळ्या विकणाऱ्या एका मावशी एकेक पाकळी आत दुमडत होत्या. बघता बघता टोकदार कळीचं पसरट फूल झालं. कागदकामाच्या तासाला आपण घडी घालतो ना, अगदी तशी घडी, पण ओल्या पाकळीची. मी दहा मिनिटं तिथेच उभी. मिस्टर कंटाळले.

त्यांच्या हारांना 'फुआंग मालाई' म्हणतात. मुलांना मलई आठवेल, मला मात्र आपली माला आठवली. हारात मोगरा, गुलाब आणि मध्ये मध्ये पांढरे, मेणाचे असावेत असे लहान मुकुट. हातात घेऊन बघितले तर काय, रुईची फुलं! शनिवारी मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ घालतो, एरवी त्या झाडाकडे बघतही नाही. तिथे रुईच्या फुलाला 'दोक राक' म्हणतात आणि 'राक' म्हणजे प्रेम. म्हणून लग्नातही त्याला मान. वीस बातला एक लहान हार घेतला. सवयीने नाकाशी नेणार, तोच बाईंनी हात हलवून 'नको' म्हटलं. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही. माझ्या आजीनेही याच कारणासाठी माझ्या हातावर चापट मारली होती.

आता मुख्य गोष्ट. बाजारात शाळेच्या गणवेशातली बरीच मुलं आयांबरोबर खरेदी करत होती. एवढ्या रात्री गणवेशात का? एका दहावीच्या वयाच्या मुलीला विचारलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच, त्यामुळे फोनवरच्या भाषांतराने मदत केली. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत 'वाय ख्रू' होतं. वाय म्हणजे नमस्कार, ख्रू म्हणजे गुरू. हा शिक्षकांना वंदन करण्याचा दिवस, बहुतेक शाळांत जूनमधल्या एखाद्या गुरुवारी असतो. गुरुवारच का? त्यांच्या भाषेत गुरुवारचं नावच बृहस्पतीवरून आलंय. ऐकून अंगावर काटा आला.

त्या दिवशी मुलं शिक्षकांना फुलांची तबकं देतात, पण त्यात ठरलेल्या साध्या गोष्टी हव्यातच. तिने पिशवीतून एकेक काढून दाखवल्या. एक्झोरा, म्हणजे आपण कुंपणाला लावतो ते लाल झुबक्यांचं फूल. त्याच्या नावात सुई आहे, म्हणून बुद्धी सुईसारखी तीक्ष्ण व्हावी. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा. तुडवली तरी पुन्हा उगवते, तशी चिकाटी असावी. आणि तिसरं, वांग्याचं फूल. ते खाली मान घालून असतं, म्हणून नम्रता.

ते जांभळं फूल बघून मी गप्प झाले.

आमची शाळा कृष्णाकाठी, घरोघरी वांग्याची शेती. गेल्या गुरुपौर्णिमेला मुलांनी मला दुकानातून चकचकीत कागदात गुंडाळलेले गुलाब आणले होते. एका मुलीने मुठीत धरून वांग्याचं फूल आणलं. वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. 'अगं, हे भाजीचं फूल' म्हणत टेबलावर ठेवलं आणि विसरले. ती नंतर दिवसभर बोलली नव्हती, हेही आत्ताच आठवलं. वर्षभर नाही आठवलं.

शाळा सुरू झाल्यावर चौथीला हा बाजार सांगितला, मग वर्गाबाहेर नेलं. प्रत्येकाने एक फूल निवडायचं, तोडायचं नाही. ते कुठे उगवतं, मान वर की खाली, पाकळ्या किती, वास कसा, घरात त्याला काय म्हणतात, एवढंच लिहायचं. 'खूप छान' हा शब्द वापरायला बंदी. एकाने लिहिलं, 'भेंडीचं फूल पिवळं, पण आत काळोख आहे.' असं वाक्य माझ्या फळ्यावरच्या मुद्द्यांतून कधी आलं नसतं. पालकहो, रविवारी घरी हा खेळ करून बघा, परसात नाहीतर कुंडीतही चालेल.

ती मुलगी मात्र आता पाचवीला, शेजारच्या गावच्या हायस्कुलात. संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिला फोनवरचे फोटो दाखवले, थायलंडमधल्या शिक्षकांना हेच फूल देतात म्हणून सांगितलं. तिने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाली, "बाई, आमचं जास्त जांभळं हाय."

आई चहा घेऊन आली. मी त्या दिवशीचं सांगितलं, माझं चुकलं म्हणाले. त्या हसल्या. "बाई, तुमचं ऱ्हाऊ द्या. मीच तिला लई रागावले हुते. एक फूल तोडलं की एक वांगं गेलं की वो!"