हवा आत येता कामा नये

फायलो फार्न्सवर्थ या अमेरिकन संशोधकाने १९२७ साली इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीचं चित्र पाठवून दाखवलं आणि १९६०च्या दशकात ‘फ्यूजर’ नावाचं एक छोटं यंत्र घडवलं. निर्वात चेंबर, मधोमध तारेची जाळी, तिला उणे वीस-तीस हजार व्होल्ट, आणि त्या ओढीने आत धावणारे ड्युटेरियमचे आयन. दिलेल्या विजेच्या मानाने मिळणारी ऊर्जा नगण्य. पण अणुसंमीलन खरंखुरं होतं, म्हणून जगभरचे हौशी लोक आजही हे यंत्र बांधतात. माझं आयुष्य व्हॅक्यूमच्या कामात गेलं. सल्ल्याला येणारी मुलं जाळीबद्दल आणि व्होल्टेजबद्दल विचारतात. मी चेंबरबद्दल बोलतो, कारण यंत्र अडतं ते तिथेच.

१. फ्यूजर चालताना आतला दाब साधारण एका टॉरच्या शंभराव्या भागाइतका असतो. बाहेर ७६० टॉर. एवढं तर चांगला रोटरी पंपही खेचतो, मग दुसरा पंप कशाला, असं मुलं विचारतात. पण तिथे थांबलात तर आत उरलेली असते ती हवा आणि पाण्याची वाफ. त्यात ड्युटेरियम सोडणं म्हणजे निम्मी भेसळ. म्हणून डिफ्यूजन किंवा टर्बो पंप लावून आधी एका टॉरच्या लाखाव्या भागापर्यंत उतरायचं, वायू त्यानंतर.

२. धातू ३०४ स्टेनलेस स्टील. पितळ आत नको, तापल्यावर त्यातलं जस्त उडतं. कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्टही नकोत.

३. वेल्डिंग आतून करून घ्या. आर्गन वेल्डिंगचा उत्तम कारागीरही टाकीच्या सवयीने बाहेरून सांधा भरतो, वर ‘मजबुतीसाठी’ आतूनही भरतो. पाण्याच्या टाकीला ते बरोबर आहे, इथे ते घातक. दोन सांध्यांच्या मध्ये हवा कोंडते आणि आतल्या एखाद्या सूक्ष्म छिद्रातून दिवसेंदिवस झिरपत राहते. बाहेरून कितीही तपासा, सापडत नाही. आतला सांधा सलग आणि बाहेर हवे तर तुटक टाके, हे कारागिराजवळ उभं राहून सांगा. आरपार नसलेल्या भोकात पिळलेला स्क्रूही तळाशी अशीच हवा धरून ठेवतो. त्याच्या मधून बारीक भोक पाडून घ्या.

४. बोटाचा ठसा म्हणजे तेल, आणि ते पोकळीत वाफ सोडत राहतं. आतले सगळे भाग साबणाच्या गरम पाण्याने, मग ॲसिटोनने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. त्यानंतर हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

५. फ्लँज, म्हणजे चेंबरचे भाग जोडणाऱ्या बोल्टच्या कडा, दोन तऱ्हेचे. व्हायटॉनची ओ-रिंग असलेला पुन्हा पुन्हा उघडता येतो. ती जिथे बसते तो पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा. लेथने उमटवलेल्या गोल रेघा चालतात, त्या रिंगेच्या सोबतीने फिरतात. पण रिंगेला आडवा जाणारा केसाएवढा ओरखडा म्हणजे हवेला सरळ वाट. तो दिसला की फ्लँज पुन्हा लेथवर. रिंगेला व्हॅक्यूम ग्रीस लावलंच तर नुसती चमक येईल इतकंच. दुसऱ्या तऱ्हेत तांब्याची गॅस्केट असते आणि स्टीलची धार तिच्यात रुतते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. उघडल्यावर तांब्यावर एकसारखी गोल खाच दिसली पाहिजे. ती गॅस्केट पुन्हा वापरू नका, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

६. गळती शोधण्यात घाई नको. आधी पंपाकडची झडप बंद करा आणि दर मिनिटाला दाब लिहून आलेख काढा. रेघ सरळ चढत गेली तर हवा बाहेरून येते आहे. चढता चढता मंदावली तर भिंतीच वाफ सोडताहेत किंवा कुठे हवा कोंडली आहे. हा भेद कळण्याआधी पाना हातात घेऊ नका. गळतीच असेल तर पंप चालू ठेवून कापसाच्या बोळ्याने एकेका सांध्याला अल्कोहोल लावा. छिद्रावर पोचलात की दाब मोजणाऱ्या पिरानी गेजचा काटा दचकतो. कधी अल्कोहोल क्षणभर छिद्र बुजवतं आणि दाब उलट उतरतो, तीही खूणच. एका वेळी एकच सांधा, आणि मध्ये काटा स्थिरावू द्यायचा. ठिणगी पडेल असं काही जवळ नको. अशा शांत तपासणीत मला जितका आनंद मिळाला, तितका चालत्या फ्यूजरच्या आतली जांभळी झळाळी पाहूनही नाही.

७. पावसाळ्यात चेंबर उघडं टाकू नका. स्टीलवर बसलेलं पाणी पंपाला तासन्‌तास झुंजवतं. चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन भरा; नंतर पंप चालू ठेवून बाहेरून ऊब द्या, पण व्हायटॉन असेल तर दीडशे अंशांच्या आतच.

८. दहा सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीवर हवेचा भार सुमारे ऐंशी किलो असतो. साधी काच बसवू नका. व्होल्टेज वीस हजारांपलीकडे गेलं की त्याच खिडकीतून क्ष-किरण बाहेर येतात. स्टील ते बऱ्यापैकी अडवतं, काच अडवत नाही. तेव्हा डोळा लावायचा नाही, कॅमेरा लावायचा. हा वीजपुरवठा एका स्पर्शात जीव घेतो. शिवाय ड्युटेरियम आणि क्ष-किरण देणारी उपकरणं आपल्याकडे अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून पुढचा टप्पा परवानगी घेऊन, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. चेंबर, पंप आणि गेज एवढ्यावर मात्र आजच सुरुवात करा, आणि झडप बंद करून रात्रभर दाब टिकला तर मला जरूर कळवा.