जेलमधली पांढरी रेघ

इंजिनीअरिंगच्या मॅगझिनमध्ये लिव्हरचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण बरुच ब्लूमबर्ग (१९२५-२०११) या अमेरिकन डॉक्टरांनी आधी फिजिक्सची डिग्री घेतली होती, थोडे दिवस मॅथ्ससुद्धा केलं, आणि मग ते मेडिकलला गेले. त्यामुळे ते थोडेफार आपल्यातलेच!

गंमत म्हणजे ते व्हायरस शोधत नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तातली प्रोटीन्स अनुवंशाने कशी वेगवेगळी असतात, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या पेशंट्सचं सीरम वापरलं. हे दोन्ही आजार घराण्यातून येतात. पहिल्यात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, दुसऱ्यात रक्त गोठत नाही. अशा पेशंटला पुन्हा पुन्हा दुसऱ्यांचं रक्त घ्यावं लागतं, आणि परकं प्रोटीन दिसलं की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. म्हणजे शंभर जणांचं रक्त घेतलेला पेशंट हा एक तयार डिटेक्टरच झाला. मला तर ही आयडिया नोबेलपेक्षा जास्त आवडली.

टेस्ट अगदी साधी. अगारच्या जेलमध्ये छोटे खड्डे करायचे, एकात पेशंटचं सीरम, आजूबाजूच्यांत निरनिराळ्या लोकांची सीरम्स. दोन्ही जेलमधून पसरत येतात आणि जुळलं तर मध्ये पांढरी रेघ उमटते. १९६३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या पेशंटचं सीरम चोवीस नमुन्यांपैकी फक्त एकाशी जुळलं. तो नमुना होता ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा! म्हणून नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. या कामात त्यांच्याबरोबर हार्वे ऑल्टर होते, ज्यांना पुढे हिपॅटायटिस सी च्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं.

आता हे प्रोटीन आहे काय? ब्लूमबर्ग यांना वाटलं, अनुवंशिक गुण असणार. काही कुटुंबांचा डेटा तसा बसतही होता. डाउन्स सिंड्रोमच्या मुलांमध्ये ते बरंच सापडलं, तेव्हा तर खात्रीच वाटू लागली. पण मोठ्या संस्थांत ठेवलेल्या मुलांत ते जास्त, छोट्या संस्थांत कमी, आणि डाउन्स असलेल्या नवजात बाळांत अजिबात नाही. जीन्स काही इमारतीचा आकार बघून बदलत नाहीत! शिवाय १९६६ मध्ये आधी निगेटिव्ह असलेला एक पेशंट पॉझिटिव्ह झाला, आणि तपासलं तर त्याच्या लिव्हरला सूज. पुढच्या वर्षी लॅबमधल्याच एका टेक्निशियनला बरं वाटेना. तिने स्वतःचं सीरम लावलं, तर पुसटशी रेघ आली. तिलाही हिपॅटायटिस झाला होता. म्हणजे ते प्रोटीन पेशंटचं नव्हतंच, ते हिपॅटायटिस बी व्हायरसचं बाहेरचं कव्हर होतं. त्यावरून रक्तपेढीत रक्त तपासता येऊ लागलं, आणि ज्यांच्या रक्तामुळे शोध लागला त्या पुन्हा पुन्हा रक्त घेणाऱ्या पेशंट्सनाच त्याचा मोठा फायदा झाला.

हा व्हायरस कव्हर गरजेपेक्षा खूप जास्त बनवतो, आणि रिकाम्या कव्हरने आजार होत नाही. त्याचीच लस करायची, ही कल्पना ब्लूमबर्ग आणि मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली. अमेरिकेत १९८१ ला लस आली, १९८६ पासून यीस्टमध्ये बनवलेली. भारतात अशी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली, आणि तिचे संस्थापक वरप्रसाद रेड्डी चक्क इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर! तैवानने १९८४ पासून बाळांना लस दिली, तर तिथे मुलांमधला लिव्हर कॅन्सरही कमी झाला.

हे सगळं वाचायचं कारण सांगतो. रक्तदान शिबिरानंतर आमच्या विंगमधल्या एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. अरे बाबांनो, हिपॅटायटिस बी ताटातून, पाण्याच्या ग्लासातून, गळ्यात हात टाकल्याने पसरत नाही. पाण्यातून येते ती ए आणि ई ची कावीळ. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला, आणि आपण बिनधास्त शेअर करतो त्या रेझरमधून. तेव्हा खुर्ची त्याच्या शेजारीच घ्या, रेझर मात्र स्वतःचा ठेवा. आपण जन्मलो तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात देशभर नव्हती, त्यामुळे घरी फोन करून आपलं कार्ड बघायला सांगा. नसेल घेतली तर तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी.